साखर या शब्दात गोडी कुठे आहे?

शब्द आणि त्याचा अर्थ यांचा संबंध उपजतच जडलेला असतो की माणसांनी आपसांत ठरवून घेतलेला असतो, हा भारतीय दर्शनांतील एक मूलभूत वाद आहे. मीमांसकांनी हा संबंध 'औत्पत्तिक' म्हणजे कोणी निर्माण न केलेला, शब्दासोबतच आलेला असा मानला, कारण वेद जर अपौरुषेय असेल तर त्यातील शब्दांचे अर्थही कोणा माणसाने ठरवलेले असून चालणार नव्हते. नैयायिकांनी तो 'सामयिक' म्हणजे समयाने, करारमदाराने ठरलेला मानला, कारण एकाच वस्तूला निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावे असतात हे त्यांना उघड दिसत होते. या वादात उदाहरणे येतात ती बहुधा गायीची आणि घटाची. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यातल्या बिद्रीला, जिथे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना उभा आहे आणि आसपासच्या खेड्यांचे वर्षभराचे गणित उसाच्या बिलावर बसते, तिथे हा वाद 'साखर' या शब्दावर पारखून पाहणे अधिक फलदायी ठरते. कारण या एका शब्दाने जगाच्या बहुतेक भाषा पालथ्या घातल्या आहेत, आणि ज्या गोडीसाठी त्याची सर्वत्र ओळख आहे, ती गोडी त्याच्या मूळ अर्थात मुळीच नाही.

संस्कृतातील 'शर्करा' म्हणजे आरंभी खडा, वाळूहून जाड असा कंकर. शतपथ ब्राह्मणात पृथ्वी कशी घडली ते सांगताना पाण्यापासून फेस, फेसापासून माती, मग वाळू, मग शर्करा, मग दगड, मग धातू आणि शेवटी सोने अशी चढती मालिका दिली आहे. तिथली शर्करा ही जमीन घट्ट होत जाण्याची एक पायरी आहे, जिभेशी तिचा काही संबंध नाही. वैद्यकातही हा अर्थ टिकून राहिला: सुश्रुतसंहितेत मुतखड्याच्या विचारात लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांना 'शर्करा' म्हटले आहे. पाली भाषेतील 'सक्खरा' शब्दाचेही असेच आहे. तो पायाला टोचणाऱ्या खड्यालाही लागतो आणि उसापासून केलेल्या गोड पदार्थालाही. उसाचा रस आटवून त्याचा कणीदार, खड्यासारखा पदार्थ करण्याची विद्या जेव्हा या देशातील लोकांना साधली, तेव्हा त्यांनी नव्या पदार्थासाठी नवा शब्द घडवला नाही. बोटांना जो खरखरीतपणा लागला, त्याचे नाव त्यांनी पदार्थाला दिले.

हा अपवाद असता तर त्यावर एवढा भर देण्याचे कारण नव्हते. पण उसाच्या पदार्थांची जुनी नावे एकामागून एक तपासली, तर बहुतेकांत हीच रीत आढळते. चरकाने आणि सुश्रुताने उसाच्या रसापासून होणारे पदार्थ चढत्या शुद्धतेने मांडले आहेत: काकवीसारखे दाट 'फाणित', मग 'गुड', मग 'मत्स्यंडिका', मग 'खंड' आणि सर्वांत शेवटी 'शर्करा'. यांतील मत्स्यंडिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी दिसणारी, खंड म्हणजे तुकडा, शर्करा म्हणजे खडा, आणि गुड म्हणजे गोळा किंवा चेंडू. पुढे पांढऱ्या साखरेला 'सिता' असेही नाव मिळाले, ते तिच्या रंगावरून. हिंदीत साखरेला 'चीनी' म्हणतात ते चीन देशावरून आणि खडीसाखरेला 'मिश्री' म्हणतात ते मिस्र म्हणजे इजिप्त देशावरून. आकार, रंग, पोत आणि देश या सगळ्यांनी नावे पुरवली. जी गोडी चाखण्यासाठी हा सगळा खटाटोप, तिने मात्र यांपैकी एकाही नावाला हात लावलेला नाही.

कोल्हापूर भागातील गुऱ्हाळात ही गोष्ट अजून डोळ्यांनी पाहता येते. चुलवाणावर चढवलेल्या काहिलीत रस तापू लागला की आधी फेस आणि मळी वर येते, रानभेंडीच्या चिकट पाण्याने ती एकवटते आणि काढून टाकली जाते. मग रस लालसर होत काकवीच्या घट्टपणाला येतो, आणि या टप्प्यावर गुळव्या पाकाचा थोडासा अंश थंड पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळते का ते पाहतो. गोळी वळली की आधण उतरवायचे, नाही तर आणखी जाळ द्यायचा. त्या क्षणी गुळव्या पाक चाखत नाही, त्याची बोटेच निवाडा करतात. 'गुड' म्हणजे गोळा, ही कोशातील नोंद अशा रीतीने २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाच्या प्रत्येक आधणात खरी ठरत असते. ब्राह्मणग्रंथाच्या कर्त्यापुढे गुऱ्हाळ नव्हते, तरी पातळ द्रव, फेस, दाटपणा, कण आणि घट्ट पिंड हा त्याने सृष्टीला लावलेला क्रम काहिलीत जसाच्या तसा उतरतो, आणि खड्याचे नाव साखरेला इतके सहज का चिकटले असावे याचा उलगडा त्यातून होतो.

कारखान्यातही पारखण्याची रीत पालटलेली नाही. साखरेची प्रत ठरते ती दाण्यावर आणि रंगावर: 'एस', 'एम', 'एल' ही अक्षरे दाणा बारीक, मध्यम की मोठा ते सांगतात आणि त्यापुढचा ३० हा आकडा रंगाचा असतो. गोडीचा उल्लेख या खुणांत नसतो, कारण ती गृहीत धरलेली असते. मराठीतील 'खडीसाखर' हा शब्द तर या साऱ्या इतिहासाचा साक्षीदार आहे. साखर या शब्दातच खडा होता. पण बोलणाऱ्यांच्या मनातून तो अर्थ इतका पुसला गेला, की खड्यासारखी साखर निराळी दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांना 'खडी' हा शब्द नव्याने पुढे जोडावा लागला. व्युत्पत्तीने पाहिले तर खडीसाखर म्हणजे खड्यांचे खडे. बोलणाऱ्याला ही द्विरुक्ती जाणवत नाही, कारण त्याच्यासाठी साखर या शब्दातील गोडी आता खड्यापेक्षा जुनी झाली आहे.

शब्दाचा पुढचा प्रवास व्यापाऱ्यांच्या तोंडून झाला, पंडितांच्या नव्हे, आणि याचा पुरावा एका व्यंजनात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालात वेतापासून निघणाऱ्या मधाचा उल्लेख आहे आणि त्याचे नाव 'साक्खरि' असे दिले आहे; त्याच काळातील डायोस्कोरिडीस हा वैद्य 'साक्खरोन' म्हणतो. या रूपांत 'र्क' नाही, 'क्ख' आहे. म्हणजे ग्रीकांनी हा शब्द संस्कृतातून न घेता पालीसारख्या लोकभाषेतून, बंदरावरच्या बोलीतून उचलला. मराठीतही तोच धागा आहे: 'लक्ख' या प्राकृत रूपाचे जसे 'लाख' झाले, तसे 'सक्खरा'चे 'साखर' झाले, आणि त्यामुळे हिंदीच्या 'शक्कर'पेक्षा मराठीचा शब्द ग्रीक रूपाला अधिक जवळचा आहे. ग्रीकांकडून तो रशियनपर्यंत गेला आणि तिथेही त्याचा उच्चार जवळपास 'साखर' असाच होतो. कागल तालुक्यातील शेतकरी आणि मॉस्कोतील दुकानदार या एका वस्तूपुरते एकमेकांना दुभाष्याशिवाय समजू शकतील.

दुसरी वाट इराणमधून गेली. फार्सीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', आणि अरबांबरोबर उसाची लागवड भूमध्य समुद्राकाठी पोचली तेव्हा इटालियनमध्ये 'झुक्केरो', स्पॅनिशमध्ये 'असुकार', फ्रेंचमध्ये 'स्युक्र', जर्मनमध्ये 'त्सुकर' आणि इंग्रजीत 'शुगर'. दक्षिणेत कन्नडमध्ये तो 'सक्करे' झाला, तमिळमध्ये 'सर्करै', आणि मलयाळममध्ये 'चक्कर', जे पोर्तुगीजांनी 'जागरा' असे उचलले आणि इंग्रजांनी त्याचे 'जॅगरी' केले. म्हणजे इंग्रजीतील 'शुगर' आणि 'जॅगरी' हे दोन निराळे वाटणारे शब्द एकाच खड्याचे दोन अवशेष आहेत. 'खंड' हा शब्दही असाच अरबी 'कंद'च्या वाटेने युरोपात 'कँडी' झाला, आणि फार्सीतून परत फिरून गुलाबाच्या पाकळ्यांसह मराठी घरात 'गुलकंद' म्हणून आला.

परतीचा याहून विलक्षण प्रवास 'शुगर'चा आहे. आज मराठी खेड्यात 'त्यांना शुगर आहे' असे कोणी म्हटले तर घरात साखरेची पोती आहेत असा अर्थ कोणी घेत नाही; तो मधुमेहाचा उल्लेख असतो. जो शब्द एके काळी वैद्यकात मूत्रविकारातील खड्यांचे नाव होता, तो गोड पदार्थाचे नाव होऊन जगभर फिरला, आणि परभाषेचा पोशाख घालून घरी आला तेव्हा पुन्हा रोगाचेच नाव झाला. १८७९ साली शोधल्या गेलेल्या सॅकरीनची कथाही विचारात घेण्यासारखी आहे: त्यात नाव साखरेचे आहे, गोडीही आहे, पण साखर नाही. मीमांसकांचा उपजत संबंध मान्य करायचा, तर तो यांतील कोणत्या अर्थाशी जडलेला होता, खड्याशी, पदार्थाशी, गोडीशी की रोगाशी, याचे उत्तर देणे कठीण जाते.

पदार्थांची नावे बाजूला ठेवून खुद्द गोडीच्या नावाकडे वळावे, तर तिथेही हाती वस्तूच लागते. 'मधुर' म्हणजे मधाचा गुण असलेले. 'गोड' हे विशेषण गुळापासून, 'गौड' म्हणजे गुळाचे, या रूपातून आले आहे. गोव्याच्या कोंकणीत तर खुद्द गुळालाच 'गोड' म्हणतात. म्हणजे गोड काय असते असे विचारले तर भाषा उत्तर देते, गुळासारखे. आणि गूळ म्हणजे काय असे विचारले तर ती म्हणते, गोळा. हिंदीतील 'मीठा' आणि मराठीतील 'मीठ' हे दोन्ही 'मृष्ट' म्हणजे स्वच्छ, रुचकर या एकाच मुळातून निघाले, आणि एका भाषेत त्याचा अर्थ गोड झाला तर दुसरीत खारट पदार्थ. जिभेवरच्या दोन स्पष्टपणे वेगळ्या चवी एका शब्दाच्या दोन मुलांनी वाटून घ्याव्यात, यापरते 'समया'चे मोठे प्रमाण नैयायिकांनाही मिळाले नसते.

न्यायसूत्रांत एक आक्षेप आहे, तो इथे चपखल बसतो. शब्द आणि वस्तू खरोखरच एकमेकांना चिकटलेले असते, तर 'अन्न' म्हणताच तोंड भरले असते, 'अग्नी' म्हणताच भाजले असते आणि शस्त्राचे नाव घेताच जीभ कापली गेली असती. तसे होत नाही, म्हणून संबंध कराराचा आहे. साखर म्हटल्याने तोंड गोड होत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. पण मराठी माणसाने या आक्षेपाला न कळत एक निराळेच वळण दिले आहे. कोणी शुभ बोलले की 'तुझ्या तोंडात साखर पडो' असे तो म्हणतो. म्हणजे साखर या शब्दाने साखर मिळत नसली, तरी चांगल्या शब्दाचे मोल साखरेने चुकवावे असे त्याला वाटते. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवून गोड बोलण्याची मागणी होते, तीही याच हिशेबाने. आणि सोयरीक पक्की होते तेव्हाच्या विधीला 'साखरपुडा' म्हणतात. दोन घरांनी एकमेकांना दिलेला शब्द हा नैयायिकांच्या अर्थाने शुद्ध समय आहे, आणि त्या समयावर मोहोर उठते ती साखरेच्या पुड्याने. शब्द करारावर उभा असतो, हे मान्य करूनही करार पाळण्यासाठी चव लागते, असे या रिवाजाचे म्हणणे दिसते.

खरा धार्मिक प्रश्न इथून सुरू होतो. शब्द जर केवळ संकेत असेल आणि गोडीसारख्या रोजच्या अनुभवाचेही स्वतंत्र नाव भाषेपाशी नसेल, तर परमार्थाच्या अनुभवाविषयी बोलणारे सारे ग्रंथ काय सांगतात? दंडी या काव्यशास्त्रज्ञाने इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या 'काव्यादर्शा'त म्हटले आहे, की ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडीत मोठे अंतर आहे, पण ते सांगणे सरस्वतीलाही शक्य नाही. दंडीचा विषय काव्याच्या शैलींतील सूक्ष्म भेदांचा होता. तरीही वाणीच्या देवतेचीच मर्यादा त्याने सांगितली आणि ती सांगण्यासाठी त्याला उसाकडे आणि गुळाकडे जावे लागले. नारदाच्या भक्तिसूत्रांत प्रेमाचे स्वरूप अनिर्वचनीय म्हणजे शब्दांत न बसणारे असे सांगून, मुक्याने घेतलेल्या आस्वादाचा दाखला दिला आहे. कबीरानेही मुक्याच्या तोंडातील साखरेचा दृष्टांत वापरला. मुक्याला गोडी कळते, इतकेच नव्हे तर ती त्याच्या चेहऱ्यावर दिसते. त्याला सांगता येत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. या दृष्टांताचा रोख मुक्यावर नसून बोलणाऱ्यांवर आहे. गोडीपुढे सारेच मुके आहेत, फक्त काहींना ते लवकर कळते.

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'त झाला. शिव आणि शक्ती यांचे अद्वैत सांगताना त्यांनी गूळ आणि गोडी यांचा दाखला घेतला आहे: गुळापासून गोडी वेगळी काढू पाहणारा विवेकच पांगळा होतो. पुढे याच ग्रंथात 'शब्दखंडन' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याची मांडणी नावावरून वाटते तितकी एकांगी नाही. ज्ञानेश्वर आधी शब्दाचा मनापासून गौरव करतात, अरूपाला रूप दाखवणारा आरसा म्हणून त्याच्याकडे पाहतात, आणि त्याचे काम नेमके सांगतात: शब्द आठवण करून देतो. ज्याला वस्तूचा विसर पडला आहे त्याला तो तिच्यापर्यंत नेतो. मात्र आत्मवस्तूला न आठवण आहे न विसर, म्हणून तिथे शब्दाचे काम उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. साखरेच्या उदाहरणाला हे स्मरणाचे तत्त्व जितके लागू पडते, तितके मीमांसा किंवा न्याय यांपैकी कोणतेही लागू पडत नाही, असे या लेखाचे मत आहे. 'साखर' हा शब्द गोडी वाहून आणत नाही आणि तिच्याशी तो निव्वळ करारानेही बांधलेला नाही. ज्या जिभेने गोडी एकदा चाखली, तिच्या आठवणीला तो स्पर्श करतो. म्हणूनच खड्याचे नाव उच्चारून लाळ सुटते.

परंतु ज्याने चाखलेच नाही, त्याला आठवण कशाची करून द्यायची? भक्तिमार्गाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण वारकऱ्याला नाम दिले जाते ते बहुधा अनुभवाच्या आधी. सोळाव्या शतकात बंगालच्या वैष्णव परंपरेतील रूप गोस्वामींनी 'उपदेशामृता'त याचे उत्तर देताना वैद्यकाचा आधार घेतला आहे: पित्ताने तोंड कडवट झालेल्या रोग्याला खडीसाखरही कडू लागते, पण तीच रोज दिली तर पित्त शमते आणि तीच मग गोड लागू लागते, नामाचेही तसेच. इथे नाम हे औषध आहे, वस्तूकडे दाखवणारे बोट नव्हे. हे उत्तर नैयायिकाला पटणार नाही, कारण औषधाच्या नावाने रोग जात नाही. मात्र वारकरी नाम आणि नामी यांत भेदच मानत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने नामजप हा साखरेचे नाव घेणे नसून साखर खाणेच आहे. या दोघांमधले अंतर तर्काने बुजत नाही, आणि ते बुजवल्याचा आव आणणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

बहुधा म्हणूनच धर्मव्यवहाराने उपदेशाच्या शेजारी चवीलाही जागा ठेवली. देवळात तीर्थाबरोबर खडीसाखरेचे दोन खडे हातावर पडतात; दर्ग्यात शिरणी वाटतात, जो फार्सी 'शीरीनी' म्हणजे मिठाई या शब्दाचा मराठी अवतार आहे. तेराव्या शतकातील सूफी संत बाबा फरीद यांना तर 'गंज-ए-शकर' म्हणजे साखरेचा खजिना असेच नाव मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेल्या जैन समाजाच्या परंपरेत या विषयाची सर्वांत अर्थपूर्ण कथा आहे. पहिले तीर्थंकर ऋषभदेव दीक्षा घेतल्यावर मौन धरून फिरत होते. साधूला भिक्षा कशी द्यायची हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. लोक त्यांच्यापुढे हत्ती, घोडे, रत्ने आणत, आणि ते काही न बोलता पुढे जात. हस्तिनापुरात श्रेयांस राजकुमाराला त्यांना पाहून पूर्वजन्मीचे स्मरण झाले आणि त्याने त्यांच्या ओंजळीत उसाचा रस ओतला. ती तिथी अक्षय्य तृतीया. कोणी मागितले नाही, कोणी सांगितले नाही. देणाऱ्याला आठवले आणि घेणाऱ्याने चाखले. ज्ञानेश्वरांनी शब्दाला नेमून दिलेले स्मरणाचे काम इथे मौनाने केले.

बिद्रीच्या दक्षिणेला, वेदगंगेच्या उगमाकडच्या डोंगरांत, भुदरगड तालुक्यात पाटगाव आहे. सतराव्या शतकात तिथे एक सत्पुरुष राहत होते, ज्यांच्यावर शिवछत्रपतींची श्रद्धा होती आणि ज्यांची समाधी आजही तिथे आहे. त्यांनी मौन पाळले आणि लोकांनी त्यांना त्या मौनावरूनच ओळखले: मौनी महाराज. हंगामात लाखो टन उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडणारा बिद्रीचा कारखाना ज्या वसाहतीत उभा आहे, तिला त्यांच्याच नावावरून मौनीनगर म्हणतात.